सातपुडी बिबट्या पाल
सातपुडी बिबट्या पाल : सरीसृप (सरपटणाऱ्या प्राण्यांच्या) वर्गाच्या स्क्वॅमॅटा गणातील सरडे उपगणाच्या यूब्लेफॅरिडी कुलातील एक प्राणी. शास्त्रीय नाव यूब्लेफॅरिस सातपुराएन्सिस. मध्य प्रदेशाचा दक्षिण भाग व महाराष्ट्राचा उत्तर भाग यांमधील सातपुड्याच्या डोंगररांगांतून ही जाती २०१४ मध्ये प्रथम वर्णिली गेली. त्यापूर्वी या भागातील बिबट्या पालींची गणना जुन्या, दूरदेशीच्या जातींत होत असे. माणसाच्या सहवासात कधीच न राहिलेल्या या पालीविषयी माणसाच्या मनात भय मात्र मोठे आहे. तिच्या वर्गीकरणाचा इतिहास आणि हे भय या दोन्ही गोष्टी ओळख चुकल्यामुळे घडल्या असल्याने त्यांचा विचार एकत्र करणे सोयीचे आहे.

घरातील पालीशी तुलना केल्यास बिबट्या पालीचे वेगळेपण चटकन ध्यानात येते. घरपालीच्या बोटांच्या तळाशी पटलिकांच्या ओळी असतात आणि त्या पटलिकांवर अतिसूक्ष्म रोम असतात. त्यांच्यायोगे ती गुळगुळीत भिंतीवर व छतावर चालू शकते. बिबट्या पालीला अशा पटलिका नसतात. तिची बोटे बारीक व नखे साधी असून ती भिंत चढू शकत नाही. खडकाच्या भेगा, मुळे व उतार यांवर मात्र ती सहज वावरते. दुसरा भेद डोळ्यांचा. घरपालीला पापण्या नसतात. तिच्या डोळ्यावर काचेसारखे पारदर्शक आवरण असते व ते ती जिभेने चाटून स्वच्छ ठेवते. बिबट्या पालीला हलणाऱ्या पापण्या असतात व ती डोळे मिटू शकते. पापणी हेच या प्रजातीचे लक्षण मानून तिचे नाव ठेवले गेले; ग्रीक भाषेत ‘यू’ म्हणजे चांगले व ‘ब्लेफॅरॉन’ म्हणजे पापणी. तिसरा भेद अंड्यांचा. घरपालीची अंडी चुनखडीयुक्त कठीण कवचाची, तर बिबट्या पालीची चिवट, लवचिक आवरणाची असतात. या तिन्ही बाबतींत बिबट्या पालीने पूर्वजांची जुनी लक्षणे टिकवून धरली आहेत, असे सामान्यतः मानले जाते. पापणी नाहीशी होणे व बोटे चिकट होणे हे बदल पालींच्या इतर शाखांत पुढे घडून आले.

या प्रजातीतील प्रौढ प्राण्याची शेपटीसह लांबी सर्वसाधारणपणे २०–२५ सेंमी. भरते. डोके मोठे व त्रिकोणाकृती असून मानेपासून स्पष्टपणे वेगळे दिसते. बाहुली उभी असते. पाठीवरील बारीक खवल्यांत मोठ्या गोलसर गुलिका विखुरलेल्या असतात व त्यांमुळे कातडी खडबडीत भासते. पिल्लांच्या अंगावर गडद व फिकट रंगांचे ठसठशीत आडवे पट्टे असतात. वाढ होताना बहुतेक जातींत हे पट्टे तुटत जाऊन त्यांचे ठिपके होतात. ‘बिबट्या’ हे विशेषण या ठिपक्यांवरून आले आहे. शेपटी जाड असून तिच्यावर वलये असतात. ती चरबीचा साठा आहे. अन्न दुर्मिळ होते त्या काळात हा साठा प्राण्याच्या उपयोगी पडतो. संकटात शेपटी तुटते व काही काळ वळवळत राहून शत्रूचे लक्ष वेधून घेते. नंतर नवी शेपटी येते, पण ती आखूड व कंदासारखी फुगीर असते आणि तिच्यावर मूळची वलये उमटत नाहीत.

बिबट्या पाल निशाचर आहे. दिवसा ती दगडांखाली, खडकांच्या फटींत व बिळांत दडून राहते. अंधार पडल्यावर ती जमिनीवर हिंडून किडे, कोळी, विंचू व प्रसंगी लहान सरडेही खाते. भक्ष्य दिसताच ती पाय ताठ करून अंग जमिनीपासून उचलते, शेपटीचे टोक हलवते व मांजराप्रमाणे झडप घालते. डिवचल्यास ती पाठ कमानदार करते, तोंड उघडते व चिरका आवाज काढते. कात टाकल्यावर बहुधा ती स्वतःच खाऊन टाकते. मादी एका वेळी दोन अंडी घालते. पंजाब–अफगाणिस्तान भागातील यू. मॅक्युलॅरियस या जातीवर प्रयोगशाळांत झालेल्या अभ्यासावरून असे दिसून आले आहे की, पिल्लाचे लिंग अंडी उबण्याच्या तापमानावर ठरते. सु. २६° से. तापमानात जवळजवळ सर्व माद्या निपजतात, ३२–३३° से.ला बहुसंख्य नर होतात आणि त्याहून अधिक उष्णतेत पुन्हा माद्यांचे प्रमाण वाढते. पक्षी व सस्तन प्राणी यांच्यात लिंग गुणसूत्रांनी ठरते, हे लक्षात घेता ही व्यवस्था नवलाची वाटते. पण कासवे व मगरी यांच्यात ती सर्रास आढळते.

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा हा तालुका महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत तो भंडारा जिल्ह्यात होता. त्याच्या एका बाजूस मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा व दुसऱ्या बाजूस छत्तीसगढ राज्य येते. सातपुड्याची पूर्वेकडील शाखा जी मैकल श्रेणी, तिच्या दक्षिण पायथ्याच्या टेकड्या येथवर उतरत आल्या आहेत. मुंबई–हावडा लोहमार्ग सालेकसा व दरेकसा या स्थानकांवरून याच टेकड्यांतून वाट काढीत छत्तीसगढात शिरतो. हाजरा धबधबा व माघ पौर्णिमेस गोंड समाजाची मोठी जत्रा भरते ते कचारगड या टेकड्यांतच आहेत. येथील खडक मेळघाटासारखा काळा बेसाल्ट नाही. तो रायोलाइट व ग्रॅनाइट या जातींचा, दख्खनच्या लाव्ह्याहून कितीतरी जुना आहे. त्याच्या भेगा, कपारी व सुटे धोंडे यांमुळे रात्री हिंडणाऱ्या सरीसृपांना आडोसा विपुल मिळतो. साग, बांबू, मोह व तेंदू यांचे पानझडीचे रान उन्हाळ्यात उघडे पडते व पावसाळ्यात दाट होते. सखल भागात धानाच्या बांध्या आहेत. डोंगर संपून शेत सुरू होते त्या काठावर रानातील प्राणी आणि गावातील माणूस यांची गाठ पडते.

ही गाठ पडण्याचे प्रसंगही ठरलेले आहेत. मोहफुले वेचण्यासाठी बायामाणसे उजाडण्यापूर्वी रानात जातात. पुढे तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. पावसाळ्यात धान राखण्यासाठी शेतात मुक्काम करावा लागतो. अशा वेळी धोंड्याखालून किंवा पाचोळ्यातून एखादा पट्टेरी, मोठ्या डोळ्यांचा, शेपटी उंच धरून तोंड वासणारा प्राणी निघाला, तर पाहणाऱ्याचा थरकाप होतो. त्याच्या चाव्याने किंवा नुसत्या श्वासानेही माणूस मरतो अशी समजूत भारताच्या अनेक भागांत आहे व त्यामुळे तो दिसताक्षणी मारला जातो. पालीविषयीचा आपला पूर्वग्रह तसा जुनाच आहे. पंचांगात पल्लीपतनाची फळे छापली जातात, आणि मनातल्या शंकेलाही आपण पालीचेच चुकचुकणे म्हणतो. अन्नात पाल पडली की ते विषारी झाले असे मानण्याचा प्रघातही सर्वत्र आहे. वस्तुतः पालींच्या कोणत्याही जातीत विषग्रंथी नाहीत. ज्यांचा दंश विषारी म्हणून सुपरिचित आहे असे सरडे, म्हणजे हेलोडर्मा प्रजातीतील जाती, उत्तर अमेरिका खंडात आढळतात. माणसाच्या जिवाला धोका पोचेल असा विषारी सरडा भारतात नाही.

ही केवळ एका निरुपद्रवी प्राण्याच्या बचावाची गोष्ट नाही. पूर्व विदर्भात मण्यार हा अत्यंत विषारी साप सर्वत्र आहे. तो रात्री हिंडतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावतो, आणि त्याचा दंश इतका कमी दुखतो की पुष्कळदा झोपलेल्याला तो जाणवतही नाही. दातांच्या खुणाही नीट दिसत नाहीत. काही वेळाने पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळणे व बोलणे कठीण होते आणि अखेर श्वास मंदावतो. अशा वेळी अंथरुणाजवळ साप दिसला नाही, पण बिबट्या पाल सापडली, तर दोष तिच्या माथी बसणे स्वाभाविक आहे. आणि पालीच्या विषावर दवाखान्यात औषध नाही अशी समजूत असली की रोगी मांत्रिकाकडे नेला जातो. मण्यारीच्या विषावर मात्र प्रतिविष आहे. भारतात तयार होणारे बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या दंशावर चालते. ते वेळेवर मिळाले तर जीव वाचतो. पिल्लाच्या अंगावरील पट्टे मण्यारीच्या पट्ट्यांची आठवण करून देतात, हेही या भीतीचे एक कारण असावे. म्हणून पापण्या जड झाल्या असतील, तर पाल सापडो वा न सापडो, रोग्यास सर्पदंश झाला आहे असे समजून तात्काळ रुग्णालयात न्यावे.

सर्वसामान्य माणसाची ओळखीत चूक होते, तशी ती शास्त्रज्ञांचीही झाली. यूब्लेफॅरिस ही प्रजाती ब्रिटिश संग्रहालयातील जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८२७ मध्ये स्थापन केली. तिच्या पहिल्या जातीला त्यांनी टॉमस हार्डविक यांचे नाव दिले (यू. हार्डविकी). हार्डविक हे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल तोफखान्यातील अधिकारी. त्यांनी भारतीय प्राण्यांचे नमुने जमविले व देशी चित्रकारांकडून चित्रांचा प्रचंड संग्रह करवून घेतला. त्यांतील निवडक चित्रे ग्रे यांनी १८३०–३५ या काळात प्रसिद्ध केली. चित्रे उत्कृष्ट होती. पण प्राणी नेमका कोणत्या गावी, कोणत्या रानात मिळाला याची नोंद त्या काळी क्वचितच ठेवली जाई. नमुना हातोहात फिरे, गलबतातून लंडनला जाई आणि बरणीवर शेवटच्या बंदराचे नाव चढे.

अशा नोंदींचा परिणाम आपल्या घरातल्या पालींच्या नावांतही दिसतो. उत्तर व मध्य भारतात भिंतीवर नित्य दिसणाऱ्या पालीचे (हेमिडॅक्टिलस फ्लॅव्हिव्हिरिडिस) मूळ वर्णन रूपेल यांनी १८३५ मध्ये तांबड्या समुद्रातील मसावा येथील नमुन्यावरून केले. ठिपकेदार लहान पालीसाठी दीडशे वर्षे हे. ब्रुकी हे नाव वापरले गेले. ते ग्रे यांनी १८४५ मध्ये बोर्निओहून आलेल्या म्हणून नोंदलेल्या नमुन्याला दिले होते. भारतात त्या एका नावाखाली अनेक जाती दडल्या असल्याचे जनुकांच्या तुलनेने २०१६ मध्ये स्पष्ट झाले. याच्या उलट उदाहरण सालेकसाच्या शेजारचेच आहे. भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणातील विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड हे मध्य प्रांतात पायी हिंडले आणि १८७० मध्ये त्यांनी आग्नेय वऱ्हाड व रायपूर या भागांतील एक सडपातळ, जमिनीवर राहणारी पाल हे. ग्रॅसिलिस या नावाने वर्णिली. नमुना कोठला हे संग्राहकानेच सांगितले असल्यामुळे ती कोठे शोधावी हा प्रश्न पुढच्या अभ्यासकांना पडला नाही.

बिबट्या पालीची दुसरी जाती कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये पंजाबातील मिठाच्या डोंगररांगेतून वर्णिली. तीच यू. मॅक्युलॅरियस. त्यानंतर सु. सव्वाशे वर्षे भारतीय बिबट्या पालींचा हिशेब या दोन जातींतच मांडला गेला. जॉर्ज अल्बर्ट बूलेंजर यांनी १८९० मध्ये आणि माल्कम स्मिथ यांनी १९३५ मध्ये ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत हीच दोन नावे ठेवली : पूर्वेकडची पट्टेरी ती हार्डविकी, पश्चिमेकडची ठिपकेदार ती मॅक्युलॅरियस. मधला सारा प्रदेश, म्हणजे सातपुडा, वऱ्हाड व नागपूरकडचा मुलूख, कोणत्या बाजूस घालावा हा प्रश्न कोणी गंभीरपणे विचारला नाही. या दोन्ही ग्रंथांची योग्यता मोठी आहे. पण प्रमाणग्रंथ फार चांगला असला की त्याच्या चौकटीबाहेरचा प्राणीही चौकटीत बसवला जातो, हे येथे घडले.

कुलाविषयीचा वादही दीर्घकाळ चालला. पापणीवाल्या पालींना स्वतंत्र कुल द्यावे असे बूलेंजर यांनी १८८३ मध्ये सुचविले. पुढे त्यांना गेकोनिडी या मोठ्या कुलाचे उपकुल मानण्याकडे कल झाला. अर्नल्ड क्लुगे यांचा १९६७ मधील प्रबंध याच मताचा होता. त्याच लेखकाने १९८७ मध्ये मत बदलून यूब्लेफॅरिडी हे स्वतंत्र कुल मानले व ते आता रूढ आहे. या कुलाच्या प्रजाती आशिया, आफ्रिका आणि उत्तर व मध्य अमेरिका येथे विखुरलेल्या आहेत.

यूब्लेफॅरिस प्रजातीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भर पडली ती प्रथम भारताबाहेरून. अँडरसन व लेव्हिटन यांनी १९६६ मध्ये इराणकडील जातीला यू. अँग्रमैन्यू हे नाव दिले. अवेस्तातील दुष्ट शक्तीचे हे नाव. प्राण्याच्या वाट्याला आलेले भय येथे शास्त्रीय नावातही शिरले. दरेव्स्की यांनी १९७७ मध्ये तुर्कमेनिस्तानातील यू. तुर्कमेनिकस वर्णिली. पश्चिम भारतातील मोठ्या, तपकिरी पालींना बोर्नर यांनी मॅक्युलॅरियसची ‘फस्कस’ ही उपजाती मानले होते. इंद्रनील दास यांनी १९९७ मध्ये तिला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. गुजरात व पश्चिम महाराष्ट्र येथील बिबट्या पाल ती हीच.

सातपुड्याकडे लक्ष गेले ते यानंतर. झीशान मिर्झा, राजेश सानप, डेव्हिड राजू, आतिश गवई व प्रथमेश घाडेकर या अभ्यासकांनी २०१४ मध्ये ब्राझीलमधून निघणाऱ्या एका नियतकालिकात सातपुडी जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. पाठीवरील गुलिकांचे स्वरूप, ओठांच्या कडेच्या खवल्यांची संख्या, अवस्कराच्या (मलमूत्र व जननमार्गाच्या सामाईक द्वाराच्या) पुढील रंध्रांची संख्या व पाठीवरील पट्ट्यांची मांडणी ही लक्षणे त्यांनी तपासली. त्यांना तंतुकणिकेतील जनुकाच्या तुलनेची जोड दिली. ‘एन्सिस’ हा लॅटिन प्रत्यय ‘त्या ठिकाणचा’ या अर्थाचा आहे. म्हणजे सातपुराएन्सिस या नावात तिचे स्थान प्रथमच आले. पुढे २०२२ मध्ये मिर्झा व ज्ञानेश्वर यांनी पूर्व घाटातील यू. पिक्टस ही जाती हार्डविकीपासून निराळी केली. ओडिशातील ब्राह्मणी नदी या दोन जातींच्या विभक्त होण्यास कारण झाली असावी, असे त्यांनी सुचविले आहे. एकाच नावाखाली मोडणाऱ्या पालींचे असे तीन वाटे होण्यास १८२७ पासून जवळजवळ दोनशे वर्षे लागली.

यावरून सालेकसाच्या टेकड्यांचे महत्त्व कळते. पश्चिमेस सातपुडी जातीचा प्रदेश, पूर्वेस ओडिशा–झारखंडाकडे हार्डविकीचा आणि आग्नेयेस पूर्व घाटात पिक्टसचा, असा हा तिठा आहे. जातींच्या सीमा नकाशावरील राज्यांच्या रेषांप्रमाणे नसतात. त्या खडक, नदी, पाऊस व रान यांनी आखल्या जातात आणि येथे बेसाल्टाचा मुलूख मागे पडून जुना स्फटिकी खडक सुरू झालेला असतो. म्हणून या तालुक्यात आढळणाऱ्या बिबट्या पालीला जवळच्या पुस्तकातील चित्राशी ताडून नाव देणे धोक्याचे आहे. एकोणिसाव्या शतकातील चूक त्याच रीतीने झाली होती. येथील नोंदीत गावाचे नाव, टेकडी किंवा नाला, खडकाचा प्रकार, दिनांक व वेळ इतके तरी असावे.

ही नोंद करण्यासाठी प्राणी मारण्याची किंवा नेण्याची गरज नाही. बिबट्या पालीला जगभर पाळीव प्राणी म्हणून मोठी मागणी आहे. या व्यापारात मुख्यतः मॅक्युलॅरियसचा भरणा असतो. तिची बंदिस्त पैदास काही दशके चालू असून निवडीने तिचे नाना रंग तयार केले गेले आहेत. वर्णन होताच नव्या जातीचे स्थानही व्यापाऱ्यांना कळते, त्यामुळे अलीकडे अभ्यासक स्थानाचा नेमका तपशील छापताना हात आखडता घेतात. शास्त्राला स्थान हवे आणि प्राण्याला आडोसा हवा, अशी ही अडचण आहे. संग्रहालयाच्या नोंदवहीत पूर्ण तपशील व छापील लेखात केवळ तालुका, हा मधला मार्ग या लेखकास योग्य वाटतो.

छायाचित्रावरून ओळख पटवावयाची झाल्यास पाठ व डोक्याची बाजू यांची स्वतंत्र चित्रे घ्यावीत. पिल्लाचे पट्टे व प्रौढाचे पट्टे यांची परस्परांशी तुलना करू नये. शेपटी आखूड, फुगीर व वलयरहित असल्यास ती नव्याने आलेली असते. अशा नमुन्यात शेपटीवरील पट्टे मोजण्यात धरू नयेत.